नागोजीअण्णाचा आमसुली

बेंगळुरात कब्बनपेटेतल्या विणकरांना रेशीम रंगवून देण्याचं काम आमच्या घरात चार पिढ्यांचं. आम्ही भावसार, घरात मराठी, दारात कन्नड. माझा थोरला भाऊ नागोजी, सगळ्या पेटेचा नागोजीअण्णा, हा आमच्यातला शेवटचा खरा रंगारी. मी आप्पाजी, त्याचा धाकटा भाऊ आणि हाताखालचा माणूस. चूल पेटवणं, रेशमाच्या लडी साबणाच्या पाण्यात उकळणं, रंगात बुडवणं, पिळणं, गच्चीवर बांबूला वाळत घालणं हे माझं. रंग जुळवणं त्याचं. त्यात मी बोट घातलेलं त्याला खपत नसे, आणि खरं सांगायचं तर ते बरोबरच होतं.

वडिलांची शिकवण अशी, की रंगाऱ्यानं नमुन्याची चिंधी ठेवायची नाही. नमुना डोळ्यात ठेवायचा. चिंधी विटते, डोळा विटत नाही, असं ते म्हणत. कल्लाप्पा विणकर यायचा आणि म्हणायचा, "अण्णा, होद वर्षद्दे बण्ण." म्हणजे गेल्या वर्षीचाच रंग. एवढं पुरे. अण्णा घंगाळात रंग कालवी, एक धागा बुडवी, सकाळच्या उन्हात धरी, डोळे बारीक करी. "स्वल्प निळं कमी आहे रे." चिमूटभर निळं टाकी, पुन्हा एक धागा. मग "सरी" म्हणे, म्हणजे जुळलं, आणि अंघोळीला, पूजेला निघून जाई. बावन्न-त्रेपन्न साली मी त्याच्या मागे उभा राहून हे बघत असे आणि मला त्याचा हेवा वाटे. अजून वाटतो. मी मात्र जन्माचा भित्रा. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात प्रत्येक रंगाचा धागा चोरून ठेवत होतो.

सत्तावन्नच्या सुमारास अण्णा कुरकुरायला लागला. कंपनीचं निळं पातळ झालंय. चुना पिवळट येतो. गुडघे धरले, गच्चीचा जिना सुटला. पंचावन्नी उलटली होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, त्यातून सगळं पिवळट आणि निळं फिकं दिसे, पण ते त्याला सांगणार कोण? म्हातारपण चोरपावलांनी येतं. माणसाला वाटतं आपण आहोत तिथंच आहोत, जगच बिघडलं. एका सकाळी तो "सरी" म्हणून गेला आणि मी घंगाळात वाकून बघितलं. कल्लाप्पाला हवा होता आमसुली, लालसर काळपट. आत होती निळी शाई.

मी काय करायला हवं होतं? सांगायला हवं होतं. मी घंगाळ गटारात ओतलं, डबा काढला, त्यातल्या धाग्याशी जुळवून नवा रंग कालवला आणि लडी बुडवल्या. वाळायला गच्चीवर नेल्या, तिथूनच कल्लाप्पाकडे पोचवल्या.

पुढं ते रोजचंच झालं. माझ्या वहिनींना, चंद्राबाईंना, पहिल्या आठवड्यातच कळलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची, आप्पाजी," एवढंच म्हणाल्या आणि गटारावर दोन बादल्या पाणी ओतून आल्या. विणकर खूश. लोक म्हणत, साठीला आला तरी डोळा बघा नागोजीअण्णाचा! अण्णा मिशीत हसे. मला चोरासारखं वाटे, आणि खोटं कशाला बोलू, थोडी शेखी मिरवावीशीही वाटे.

एकसष्ट साली त्याच्या एकुलत्या एका लेकीचं, अहल्येचं, लग्न ठरलं. आमच्या आईच्या अंगावर होता तस्साच आमसुली शालू तिला द्यायचा, हा त्याचा हट्ट. नेमका मी तेव्हा तुमकूरला, सासुरवाडीच्या मर्तिकाला. अण्णानं स्वतः चूल पेटवली, स्वतः लडी बुडवल्या, दुखऱ्या गुडघ्यांनी गच्चीवर नेऊन वाळवल्या. मी परतलो तोवर रेशीम मागावर चढलं होतं. कल्लाप्पा मला बाजूला घेऊन म्हणाला, "आप्पाजी, इदेनु?" हे काय? मी म्हटलं, वीण बाबा, गप्प वीण.

मांडवात अहल्या तो शालू नेसून उभी राहिली. भडक निळाजांभळा. बायका पदराआड हसल्या. पोरीला ऐकू गेलं, पण तिनं मान खाली घातली नाही. अण्णा डोळे पुसत मला म्हणाला, "आई उभी आहे रे." मी हो म्हटलं. त्या एका होकाराची मला आजही लाज वाटते.

चौसष्ट साली समोरचं ताटही दिसेना, तेव्हा कुठं तो ऑपरेशनला तयार झाला. आठ दिवस डोळ्यांवर पट्ट्या, मान हलवायची नाही. मग सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा. घरी आला तो दारातच थबकला. भिंत पांढरी! आभाळ केवढं निळं! लहान पोरासारखा घरभर हिंडला, हळदकुंकवाच्या वाट्या उन्हात नेऊन बघितल्या. पेटेतून फिरून आला तो आणखी खूश. कल्लाप्पाच्या सुनेच्या अंगावर त्यानं रंगवलेला आमसुली बघितला म्हणे, तसूभर फरक नव्हता.

गौरीला अहल्या माहेरी आली. "तो शालू नेस," अण्णा म्हणाला. तिनं टाळलं, वहिनींनी टाळलं, मी तर कामच काढलं. तो ऐकेना. शेवटी ती नेसून बाहेर आली.

त्यानं बघितलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं.

"आप्पा," तो हळूच म्हणाला, "कल्लाप्पाच्या सुनेचाही त्याच वर्षीचा. तो बरोबर आला. हा रंगवला तेव्हा तू तुमकूरला होतास."

मी सगळं सांगितलं. घंगाळ, गटार, डबा, सगळं.

"किती वर्षं?"

"सात."

तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. ओरडला नाही. "लोक तुझ्याच डोळ्याचं कौतुक करत होते तर," म्हणाला. "आणि मी मान डोलवत होतो." मग बराच वेळ त्या निळ्याजांभळ्याकडं बघत बसला.

वहिनींना राहवेना. "जाऊ दे की आता. आप्पाजी पुन्हा रंगवून देतील शालू, चांगला आमसुली होईल."

"हात लावायचा नाही त्याला कुणी," अण्णा म्हणाला. "सात वर्षांत माझ्या हातचा एवढा एकच आहे."

मी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यानं मला उठवलं नाही, पण पायही मागे घेतले नाहीत.