मगदूमचे दोन सीझन

तोक्योच्या फुनाबोरी भागातल्या कुठल्याही मराठी घरी जा, दाराशी सहा-सात पारदर्शक छत्र्या उभ्या असतात. एकही हौसेने आणलेली नसते. पावसात अडकलो, स्टेशनबाहेर घेतली, घरी आली, राहिली. किस्स्यांचंही तसंच होतं. मुद्दाम कुणी जमवत नाही. पण रविवारी चार कुटुंबं जमली, पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या, की कुणीतरी म्हणतंच, "अभ्यंकर, मगदूमचं सांगा ना!" आणि मी सांगतो. मगदूम समोर बसलेला असला तरी सांगतो. तो हल्ली एवढंच म्हणतो, "लेका, दर वेळी माझा स्पीड वाढवून सांगतोस!"

*

वाय-टू-केचा बागुलबुवा नुकताच विरला होता. पुण्याच्या कंपनीने मला आणि सुहास मगदूमला तोक्योतल्या एका क्लायंटकडे पाठवलं. या क्लायंटची स्वतःची अमेरिकन फुटबॉलची टीम होती. इथे काही कंपन्यांच्या अशा टीम असतात. सोमवार ते शुक्रवार कोडिंग, शनिवार-रविवार हेल्मेट. आमच्या विभागाचे प्रमुख कुरोदा-सान हेच टीमचे कोच.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कुठला खेळ खेळता?"

मी म्हणालो, "क्रिकेट." त्यांनी माझ्याकडे, म्हणजे खरं तर माझ्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "सेंटर."

सेंटर म्हणजे सगळ्यांच्या पुढे, मध्यभागी वाकून उभा राहणारा माणूस. दोन पायांमधून चेंडू मागच्या क्वार्टरबॅकला द्यायचा आणि मग समोरून येणाऱ्या रेड्यांना छातीवर घ्यायचं. क्वार्टरबॅक हा टीमचा मेंदू. मी टीमची भिंत.

आईला फोनवर हे सगळं समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे इंजिनियर होऊनसुद्धा वाकायचंच का रे?"

*

मगदूमने "खो-खो" असं उत्तर दिलं होतं. ते काय असतं, हे कुणालाच कळेना. मगदूम इचलकरंजीचा. शाळेच्या संघापासून राज्याच्या संघापर्यंत खो-खो खेळलेला. कुरोदा-सान म्हणाले, "करून दाखवा."

"मला फक्त हात लावून दाखवा," मगदूम म्हणाला.

अकरा जण सोडले त्याच्यामागे. तीन मिनिटांनी अकराच्या अकरा गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होते, आणि मगदूम निवांत बुटाची नाडी बांधत होता!

त्याच महिन्यात आमच्या क्वार्टरबॅकची सेंदाईला बदली झाली. जपानी बदली! या सोमवारी कागद, पुढच्या सोमवारी माणूस नव्या गावात. कुरोदा-सानांनी नाइलाजाने मगदूमला त्या जागी उभं केलं, आणि सगळ्यांसमोर दोन बोटं वर केली.

"धावणारा क्वार्टरबॅक, दोन सीझन. तिसऱ्यात गुडघा जातो. भिंतीच्या मागे उभं राहायचं, चेंडू फेकायचा. पळायचं नाही."

हे ते पुस्तकातलं सांगत नव्हते. कॉलेजात ते स्वतः धावणारे क्वार्टरबॅक होते आणि तिसऱ्या सीझनला त्यांचा उजवा गुडघा गेला होता. अजूनही जिना उतरताना कठडा धरायचे. त्यामुळे या विषयावर त्यांच्याशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती.

मगदूमने कमरेत वाकून "हाय!" म्हटलं, म्हणजे जपानीत "हो जी!" आणि पहिल्या मॅचच्या पहिल्याच चेंडूला पळाला!

*

आता जपानी ऑफिसात चूक झाली की कुणी ओरडत नाही. फॉर्म देतात. सर्व्हर बंद पडला की आम्ही तो भरायचो: काय घडलं, का घडलं, पुन्हा घडू नये म्हणून कायमचा उपाय काय. कुरोदा-सानांनी तोच फॉर्म मगदूमला लावला. भिंत सोडून पळालास? प्रत्येक पळण्यामागे एक फॉर्म!

पहिल्या मॅचनंतर मगदूमने नऊ फॉर्म भरले. सोमवारी सकाळी कुरोदा-सान ते चष्मा लावून वाचत होते. एका फॉर्मवर थांबले, शिक्का काढला, दाबून उमटवला आणि फॉर्म माझ्या टेबलावर आणून ठेवला.

काय घडलं: पळालो. का घडलं: चार माणसं अंगावर आली. कायमचा उपाय: अभ्यंकर-सान यांनी त्यांतली दोन तरी अडवावीत!

त्या दिवसापासून मलाही फॉर्म सुरू झाले.

*

आमच्या वरच्या मजल्यावर गोखले राहायचे. मुंबईच्या बँकेतून तोक्योच्या शाखेवर आलेले, वयाने आमच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. अमेरिकेतल्या प्रोफेशनल लीगच्या मॅचेस सॅटेलाइटवर लागायच्या, त्या ते टेप करून ठेवत. त्यांच्या घरी बसून आम्ही त्या बघायचो आणि दर वेळी एकच वाद व्हायचा: धावणारा क्वार्टरबॅक टिकतो का?

गोखल्यांचं मत पक्कं. "हे बघा अभ्यंकर, पळणारा म्हणजे टेम्पररी व्हिसा. दिसायला रुबाबदार, पण मुदत ठरलेली. उभा राहून फेकणारा म्हणजे पर्मनंट रेसिडन्स!"

मी म्हणायचो, "अहो, पण पळतो तेव्हा बघताना मजा केवढी येते!"

"मजा वेगळी, करिअर वेगळं," गोखले म्हणायचे. "गुडघा काय वाट पाहतो का, मजा संपायची?"

एकदा त्यांनी मगदूमलाच विचारलं, "काय मगदूम, तुमचं काय म्हणणं?"

मगदूम शेंगदाणे खात होता. म्हणाला, "इमिग्रेशनने तीन वर्षांचा शिक्का मारलाय. कुरोदा-सान दोनच म्हणतात. ऑफिसमध्ये त्यांचंच चालतं!"

*

पण एक गोष्ट आमच्या लक्षात यायला सीझन गेला. बाकीचे पळणारे धडक मारून पुढे जायला बघतात. मगदूम धडक खायचाच नाही! चार यार्ड मिळणार असतील आणि पुढे रेडा दिसला, तर हा तीन यार्डांवर खाली बसायचा, नाहीतर सरळ रेषेबाहेर चालू लागायचा, बसस्टॉपवर निघाल्यासारखा. तसं केलं की डाव तिथेच थांबतो. आमच्याच टीममधल्या काहींना ते पुरुषार्थाला कमीपणा आणणारं वाटे.

मगदूमला मात्र त्यांचंच नवल वाटायचं. "अभ्या, खो-खोत अंगाला हात लागला की माणूस बाद. बारा वर्षं तेच शिकलो. ही माणसं आपणहून धडका खायला जातात, ती कशापायी रं?"

एका मॅचमध्ये दोघा धिप्पाड गड्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी गाठलं. हा मधून असा काही निसटला, की ते दोघं एकमेकांवर आदळले आणि स्ट्रेचर दोन आणावी लागली. आमच्या बाजूला बसलेल्या बायका उभ्या राहून टाळ्या पिटू लागल्या. मी धावत जाऊन मगदूमच्या बायकोला म्हणालो, "वैशाली वहिनी, पाहिलंत?"

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. "रोज बघते, भावजी. कांदा चिरायला बोलावलं की असेच निसटतात!"

*

मगदूमची मुलगी ईशा इथेच वाढली. मराठीत विचारलं की जपानीत उत्तर! दुसरीत असताना शाळेत "माझे बाबा" यावर निबंध लिहायचा होता.

इथल्या शाळेत वर्षातून एकदा बाई घरी भेटायला येतात. दहा मिनिटं बसतात, चहाला हात लावत नाहीत आणि जातात. त्या वर्षी बाई अर्धा तास बसल्या. चहाही प्यायल्या. शेवटी फार हळू आवाजात म्हणाल्या, "मगदूम-सान, घरी काही अडचण असेल तर शाळा मदत करेल."

वहिनींना काही कळेना. बाईंनी पर्समधून निबंध काढला.

"माझे बाबा दर शनिवारी पळून जातात. अकरा मोठी माणसं त्यांना पकडायला येतात. आई नुसती बघत बसते. बाबा अजून सापडले नाहीत."

*

दोन सीझन झाले. तिसऱ्याच्या सुरुवातीला कुरोदा-सानांनी नाकाजिमा नावाचा मुलगा आणला. कॉलेजातून नुकताच आलेला, ताडमाड उंच, चेंडू फेकला की वाटायचं नदीपलीकडे जाईल. भिंतीमागे उभा राहायचा तो खांबासारखा. मगदूमची जागा गेली.

तो सरावाला नेमाने यायचा. पण मी त्याला ओळखतो. डबा अर्धा परत न्यायचा. ऑफिसात अजून परका, भाषा अर्धवट, प्रोजेक्टमध्ये सगळे "अजून बघू" म्हणणारे. मैदान ही एकच जागा होती, जिथे जपानी माणसं त्याच्याकडे बघून काय करायचं ते ठरवत. ती गेली, याचं मला त्याच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

कंपनीच्या वार्षिक मेडिकलला कुरोदा-सान स्वतः त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले. "दोन सीझन पळालाय. गुडघे नीट बघा." म्हाताऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे प्रकाशासमोर धरला, उलटा केला, पुन्हा धरला. मग म्हणाले, "हा माणूस गुडघे वापरतो का?"

आणि चौथ्या मॅचला खांबासारख्या उभ्या असलेल्या नाकाजिमावर मागून एक जण आदळला. खांद्याचं हाड मोडलं. उभा राहिला, म्हणून मोडलं! बरा होऊन आल्यावर उंचीमुळे कुरोदा-सानांनी त्याला पुढे पळून चेंडू झेलायच्या जागी टाकलं, आणि मगदूम परत माझ्या मागे येऊन उभा राहिला.

गोखल्यांनी त्या रविवारी टेप मध्येच बंद केली. मग म्हणाले, "म्हणजे पर्मनंट रेसिडन्सही रद्द होतो तर!"

कुरोदा-सानांनी मात्र आपलं मत बदललं नाही. दर वर्षी म्हणायचे, "पुढच्या सीझनला जाईल." असं म्हणत म्हणत सात सीझन गेले!

*

आता शेवटचा सांगतो. हा मगदूम समोर असताना मी सहसा सांगत नाही.

सातवा सीझन. मगदूम छत्तीस वर्षांचा. कुरोदा-सान मार्चमध्ये रिटायर होणार होते आणि त्यांची टीम वीस वर्षांत एकदाही वरच्या गटात गेली नव्हती. यंदा पहिल्यांदा ती एका मॅचवर येऊन ठेपली होती. जिंकलो तर वर. हरलो तर त्यांचं सगळं तिथेच संपलं.

मॅचआधी कपडे बदलताना मी मगदूमचा डावा पाय पाहिला. घोटा सुजून टम्म झाला होता.

"हे काय?"

"गप की रं! सकाळी कचऱ्याची गाडी निघून चालली होती. दोन पिशव्या घेऊन पळालो तिच्यामागं. फुटपाथच्या कडेला पाय मुरगळला."

सात सीझन अकरा-अकरा माणसांना सापडला नाही, आणि ओल्या कचऱ्याने पाडला!

"कुरोदा-सानांना सांगू या," मी म्हणालो.

"सांगितलं तर ते मला बसवतील. मला बसवलं की त्या लोकांना आपल्यावर तुटून पडायला मोकळं रान. अभ्या, त्यांना फक्त माझ्या पळण्याची भीती आहे. ती तेवढी राहू दे."

मी घाबरलो होतो, हे कबूल करतो. आपण एका म्हाताऱ्या माणसाची वीस वर्षं एका घोट्यावर लावतोय असं वाटलं. पण गप्प बसलो आणि पट्टी बांधायला मदत केली.

मॅचभर मगदूमने चेंडू घ्यायचा आणि लगेच दुसऱ्याच्या हातात द्यायचा, एवढंच केलं. समोरच्या टीमचे चार जण सारखे त्याच्यावर डोळा ठेवून उभे. ओढूनताणून आम्ही शेवटापर्यंत आलो. चार पॉइंट मागे. शेवटच्या रेषेपर्यंत सहा यार्ड जायचे, ती ओलांडली की सहा पॉइंट. काही सेकंद, आणि एकच संधी.

मी वाकलो. चेंडू मागे दिला. अंगावर आलेल्याला अडवलं आणि मनात मोजायला लागलो. एक, दोन, तीन. तीनपर्यंत मागे काहीतरी कोसळल्याचा आवाज यायला हवा. आला नाही. चार. पाच. मी मान वळवून पाहिलं.

मगदूम उभा होता. जागच्या जागी, चेंडू हातात घेऊन. आणि त्याच्यासमोर ते चार जण हात पसरून, गुडघ्यांत वाकून उभे होते. एकही पुढे येईना! हा कुठल्या बाजूने निसटतो, ते बघत होते. इतका वेळ त्याला सात वर्षांत कधी मिळाला नव्हता. त्याने सावकाश नाकाजिमा शोधला आणि चेंडू फेकला. फेकणं त्याचं तसंच, भाकरी भिरकावल्यासारखं. पण नाकाजिमाने लांब हात वर केले आणि रेषेपलीकडे झेलला.

जिंकलो! मी नव्वद किलोचा माणूस तिथेच मातीत बसून रडलो. वैशाली वहिनी, गोखले, ईशा, सगळे मैदानात. कुरोदा-सान एका हाताने गुडघा धरून लंगडत मगदूमकडे निघाले. तो बाकावर बसला होता, बूट काढून. घोटा निळा-जांभळा.

कुरोदा-सानांनी घोट्याकडे पाहिलं. मग मगदूमकडे पाहिलं. मग माझ्याकडे. काही बोलणार, तेवढ्यात समोरच्या टीमचा कॅप्टन हेल्मेट काखेत धरून आमच्याकडे येताना दिसला. कुरोदा-सानांनी गळ्यातला टॉवेल काढला आणि मगदूमच्या पायावर टाकला.

कॅप्टन कमरेत वाकला. डोळ्यांत पाणी होतं, पण मान ताठ होती.

"मगदूम-सान, आम्ही सात वर्षं तुमच्या पळण्याचे व्हिडिओ पाहतोय. मॅच हरलो. पण आज आम्ही तुम्हाला एक पाऊलही पळू दिलं नाही!"

मगदूम बसल्या जागी वाकला. त्याच्या शेजारी कुरोदा-सान त्याच्याहून खाली वाकले.

"खरं आहे," कुरोदा-सान म्हणाले. "तुमच्यापुढे आज आमचं काही चाललं नाही."