सोनाबाईचा खोकल्याचा पाला

श्रीवर्धनच्या अलीकडच्या एका गावात, आमच्या आळीच्या टोकाला सोनाबाई एकटी राहत असे. परसात न्हाणीच्या पाण्यावर तिने गवती चहा, तुळस, ओवा, पुदिना, सब्जा आणि अडुळसा वाढवला होता. लहान मुलांच्या खोकल्यावर तिच्या औषधाचा गुण येई. आळीत तिला मान होता तो त्यामुळेच. औषधाचं नाव फुटलं की लोक येणार नाहीत, ही तिची धास्ती. म्हणून ती रोज सकाळी सहाही पाले खुडायची, औषधाचा तेवढा आत नेऊन वाटायची आणि उरलेले पाच कुंपणापाशी टाकायची.

१९५६ च्या मार्गशीर्षात एकदा टाकलेला पाला तिला निवडून ठेवलेला दिसला. पाच वेगळे ढीग. सहावा कोणता, हे कुणीही ओळखलं असतं. कुंपणापलीकडे राहीचं घर होतं.

"काय गो राही, माझ्या केरात काय हरवलं तुझं?"

"शेळीला पाला बघते, काकी."

"शेळी पुदिना खाते तुझी?"

"खाते की. तोंडाला चव हाय तिच्या."

दुसऱ्या दिवसापासून सोनाबाई सहाही पाले थोडे थोडे टाकू लागली. दोघींचं बोलणं बंद झालं.

पुढच्या पंधरवड्यात राहीची जनी खोकू लागली. आपल्याला फसवायला पोरीला खोकायला लावते, असं सोनाबाईला आधी वाटलं. तिसऱ्या दिवशी तो खोकला ऐकवेना. ती वाटी घेऊन गेली.

राहीने वाटी हुंगली. "वाटलेलं न्हाय देणार मी पोरीला. काय घातलंय कुणास ठाऊक."

सोनाबाई राहीला परसात घेऊन आली, तिच्यासमोर अडुळशाची पानं खुडली, वाटली, रसात मध घातला आणि आधी स्वतः बोट चाटलं.

"अडुळसा? हा तर माझ्या गोठ्यामागं हाय."

"हाय ना."

जनीला उतार पडला. आता दारात कोणी येणार नाही, असं सोनाबाईने गृहीत धरलंच होतं. चौथ्या दिवशी आळीतली सगुणा खोकणारा मुलगा घेऊन आली.

"राहीनं नाव सांगितलं न्हाय तुला?"

"सांगितलं की. पण ती म्हणते, नुसत्या अडुळशानं कुठं खोकला जातो? काकीनं खरा पाला पदराखालून घातला."

सोनाबाईने पदर नीट खोचला.

"नजर तेज हाय तिची," ती म्हणाली आणि मुलाचा घसा बघायला खाली बसली.