दोन ओळींची एक ओळ

हमीद सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात मुलांची तोंडी परीक्षा घेत होते. फोन देऊळगाव राजाहून, त्यांच्या मुलीचा. सकाळी नमाज पढून घरी आले, चहा मागितला, आणि चहा पुढ्यात यायच्या आत... एवढंच तिला सांगता आलं. समोरच्या मुलाला मी ‘पुरे’ म्हणाले आणि व्हरांड्यात येऊन उभी राहिले. रडू यायला हवं होतं, पण आधी आली ती भीती. आता सांगायचं कुणाला? कित्येक वर्षं एक गोष्ट मला सरांना सांगायची होती आणि दर वेळी मी ती पुढे ढकलली होती. मी जन्माची भित्री. आज सहा आठवड्यांनी हे लिहायला बसले आहे. नुसते सरांचे गोडवे वाचायला मिळतील असं समजून कुणी हा लेख उघडला असेल, तर आधीच माफी मागते.

सरांचं संशोधन कशावर, हे सांगताना त्यांच्या घरचे गोंधळून जायचे. सॉफ्टवेअर बनवण्याआधी, ते ज्यांच्यासाठी बनवायचं त्यांना काय हवंय हे कसं विचारावं, ऐकलेलं कसं लिहावं, आणि पुढे ते बदलत गेलं तर त्याचा माग कसा ठेवावा, हा त्यांचा विषय. आमच्या धंद्यात त्याला रिक्वायरमेंट म्हणतात. सरांचे वडील गाद्या भरायचे. गादी मऊ हवी की टणक, हे ते गिऱ्हाइकाला विचारत नसत. माणूस ओट्यावर कसा टेकतो, उठताना कंबर धरतो का, हे बघून ठरवत. ‘माझ्या अब्बांनी बिनडिग्रीची हीच पीएचडी केली,’ असं सर वर्गात सांगायचे आणि स्वतःच आधी हसायचे. मीही त्यांची विद्यार्थिनी, पुढे त्यांच्याच हाताखाली शिकवायला लागले. मास्तरांची मुलगी, बुलढाण्यात वाढलेली. वावरात पाय ठेवला तो त्यांच्यामुळे.

बीटी कपाशी नवीन होती तेव्हा लोक म्हणायचे, आता अळी लागायची नाही, फवारणीचे पंप माळ्यावर टाकून द्या. मग गुलाबी बोंडअळी परत आली, आणि पंप खाली उतरले ते दुपटीने चालायला. कुणी दुकानदार सांगेल ते मारायचं, कुणी दोन-तीन औषधं एकाच बादलीत कालवायचं. तेव्हा पुण्याच्या एका संस्थेच्या मदतीने आम्ही फोनवरून सल्ला देणारी यंत्रणा बनवायला घेतली. सकाळी फोन वाजायचा आणि अळी, औषध, पाऊस यांची माहिती आवाजात ऐकू यायची. त्यासाठी सर मला घेऊन गावोगाव हिंडले. त्यांची पद्धत एकच. जो बोलेल त्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत लिहायचं, पुढे नाव आणि गाव. आणि यंत्रणा सुरू करण्याआधी त्या माणसाकडे परत जाऊन ती ओळ वाचून दाखवायची. ‘हेच म्हणाला होतात ना?’ तो हो म्हणाला, तरच ती ओळ पक्की. मला हे सगळं फार वेळखाऊ वाटायचं, आणि तसं मी तोंडावर म्हणायचेही.

रोहिणखेडला शेवंताबाई भेटल्या. निंदणाला जाणाऱ्या बायांची टोळी त्या चालवायच्या. सरांनी काय हवंय ते विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘आमी दुसऱ्याच्या वावरात निंदाले जातो. तिथं काल औषध मारलं का परवा, हे आमाले कोनी सांगत नाही. ते तुमच्या फोनात सांगता येते का?’’ सरांनी शब्द न शब्द लिहिला. त्याच गावच्या एका शेतकऱ्याची ओळ आधीच होती: ‘औषध कवा मारायचं ते सांगा.’

पुण्याहून निरोप आला, यादी फार लांब आहे, एकसारख्या ओळी एकत्र करा. सर तेव्हा भाचीच्या लग्नासाठी जालन्याला गेलेले. मी एका दुपारी बसले आणि यादी झाडून-पुसून लख्ख केली. शेतकऱ्याच्या आणि शेवंताबाईंच्या ओळीची एक ओळ झाली: ‘फवारणीची वेळ फोनवर कळवावी.’ मला तेव्हा स्वतःचं कौतुकच वाटलं होतं, हे कबूल करते. सर परतले, यादीवरून नजर फिरवली आणि म्हणाले, ‘‘मॅडम, काही सुटलं तर नाही ना?’’ मी म्हणाले, ‘‘नाही सर, नुसतं आवरलंय.’’ त्यांनी विश्वास ठेवला. अळीचा जोर वाढत होता, पुण्याची घाई होती. त्या एका खेपेला रोहिणखेडला जाऊन ओळी वाचून दाखवायचं राहून गेलं.

यंत्रणा सुरू झाली. औषध कधी मारायचं ते शेतकऱ्यांना कळू लागलं, आणि त्यांनी सांगितल्या दिवशी मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, औषध मारल्याचं कुणी न सांगितल्यामुळे, त्यांच्यातल्याच एकाच्या वावरात शेवंताबाईंची टोळी निंदायला उतरली. दुपारपर्यंत त्यांची सून रेखा धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, आडवी झाली. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक टाचणीएवढ्या...

बुलढाण्याच्या दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा शेवंताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, पण मला वाटत होतं त्या माझ्याकडेच बघताहेत. रेखा चार दिवस बेशुद्ध होती. ते चार दिवस मी घरी जेवले, शिकवायला गेले. ती वाचली. उजव्या हाताला कंप मात्र कायमचा राहिला. सर मला बाहेर चहाच्या टपरीवर घेऊन गेले आणि म्हणाले, ‘‘चूक माझी आहे. मी वाचून दाखवायला गेलो नाही.’’ तेव्हा मी बोलायला हवं होतं. ओळ मी पुसली होती, वाचून दाखवायला यादीत मूळ ओळ उरलीच नव्हती... मी कपातला चहा ढवळत राहिले. पुढे सरांनी या चुकीवर शोधनिबंध लिहिला, तोही सगळा दोष आपल्या माथी घेऊन. त्याचं टंकलेखन मी केलं. एकेक अक्षर.

सरांना जाऊन चाळीस दिवस झाले, त्यांचा चाळिसावा झाला आणि त्याच आठवड्यात मी एकटी रोहिणखेडला गेले. वाटेत दोनदा उतरून परत फिरावंसं वाटलं. शेवंताबाई आता थकल्या आहेत. ओसरीत बसवून घेतलं. रेखाने चहा आणला, बशीत कप खडखडत होता. मी सगळं सांगितलं, रडतच.

‘‘सरले मालूम होतं?’’ शेवंताबाईंनी विचारलं.

‘‘नाही.’’

‘‘त्यायनं तर इथीच बसून माह्या सुनेची माफी मांगतली, बाई. हात जोडून. मी म्हनलं, काऊन असं करून राह्यले सर, तुमी का औषध मारलं? तं म्हने, नाही, चुकी माहीच आहे.’’ मग न रागावता म्हणाल्या, ‘‘अजून कोनाकोनाचं बोलनं तू असं एकात घातलं?’’

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वाटलं. त्या रविवारी कॉलेजात सरांच्या खोलीत जाऊन मी मूळ कागद काढले आणि आवरलेल्या यादीशी एकेक ओळ ताडून पाहिली. सतरा ठिकाणी मी दोघातिघांचं एक केलं होतं. नावं आणि गावं वेगळी उतरवून घेतली आणि फोन करायला बसले. पहिली ओळ लोणारजवळच्या एका शेतकऱ्याची. फोन त्याच्या मुलाने उचलला, बाबा वारले म्हणाला. ‘कशाने’ हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला आणि तिथेच अडला. ‘बरं’ म्हणून मी फोन ठेवला.

सरांनी ‘कशाने’ ते विचारलं असतं. उद्या सकाळी साडेसातची लोणारची बस आहे. मी जाणार आहे, आणि मला फार भीती वाटते आहे.