चिमटे जुळवायला बंदी

भिंतीपलीकडून रित्वा लाहतीचा आवाज चढला की मी माझं लेथ मशीन बंद करतो. ऐकण्यासारखं असतं.

"अरे, लाल दिवा लागला म्हणजे मशीन बिघडलं नाही! तो तुझा बोर्ड वाचवतोय! आणि तू नॉब आणखी पिळतोस? काय म्हणावं तुला?"

सुपीरियर सरोवराच्या काठच्या आमच्या छोट्या कॉलेजात मी यंत्रशाळा सांभाळतो आणि रित्वा शेजारची इलेक्ट्रॉनिक्सची लॅब. आधी ती कागदाच्या गिरणीत इलेक्ट्रिशियन होती. गिरणी बंद पडली तेव्हा इकडे आली. बुटकी, खणखणीत, चष्मा कायम केसांत खोचलेला आणि म्हणून कायम हरवलेला. शनिवारी सौना, ती वाफेची अंघोळ, चुकवणार नाही. दुपारी गुलाबी साखर थापलेला, पर्शियन नावाचा इथला गोड पाव खाणार, आणि तोही हाताने नव्हे, चक्क काट्याने. इथेच जन्मलेल्या बाईने हे करावं, हे मला अजून पटलेलं नाही.

तिचा हट्ट एकच. मुलं वर्षभर खपून जो सर्किट बोर्ड बनवतात, तो परीक्षेआधी तिच्या लॅबमध्ये जळता कामा नये. ती शिकत होती तेव्हा तिचा जळला होता आणि ते वर्ष तिला पुन्हा करावं लागलं होतं.

लॅबमधले, बोर्डाला वीज पुरवणारे पॉवर सप्लाय जुने, दोन नॉबवाले. एक व्होल्ट वाढवतो, दुसरा करंटला हद्द घालतो. या दुसऱ्याकडे मुलं बघतच नाहीत. तो शेवटपर्यंत फिरवलेला असला आणि बोर्डावर एखादी तार उलटी लागली, की संपलं, धूरच निघतो. हद्द आधी बांधलेली असली तर लाल दिवा लागतो, व्होल्ट आपोआप खाली येतात आणि बोर्ड वाचतो.

ही हद्द बांधायला रित्वा पहिल्याच दिवशी शिकवायची. बोर्ड बाजूला ठेवायचा. दोन्ही नॉब शून्यावर. मग सप्लायच्या तारांचे लाल आणि काळा, दोन्ही चिमटे एकमेकांना जुळवायचे, हो, मुद्दाम शॉर्ट करायचे, व्होल्ट किंचित वर न्यायचे आणि दुसऱ्या नॉबने करंट हवा तेवढाच ठेवायचा. पोरं किंचाळायची. पण एकदा स्वतःच्या हाताने जुळवलं की जन्मात विसरायची नाहीत.

यंदा सप्टेंबरात गॅरेट पेलेटियर नावाच्या एका दीडशहाण्या पोराने त्या तासाचा व्हिडिओ काढला. समोरच्या मुलीने नॉब शून्यावर न आणताच चिमटे टेकवले, बारीकशी ठिणगी उडाली आणि पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. गॅरेटने ते गंमत म्हणून सगळीकडे पाठवलं. त्याच्या आईने पाहिलं आणि कॉलेजला फोन केला. दुसऱ्या दिवशी सुरक्षा अधिकारी लाइल पाटी घेऊन हजर: सप्लायची टोकं एकमेकांना जोडण्यास सक्त मनाई.

"लाइल, अरे हीच तर सुरक्षा आहे," रित्वा म्हणाली.

"तू मुलांना मुद्दाम शॉर्ट करायला लावतेस. हे मी वर कुठल्या तोंडाने सांगू?"

"मग वरच्यांना खाली पाठव. त्यांच्याकडूनही जुळवून घेते."

"हसू नकोस, रित्वा. पुन्हा दिसलं तर लॅबला कुलूप लागेल. माझ्या हातात नाही गं."

लाइल वाईट माणूस नाही, आणि याचाच मला जास्त संताप येतो. वाईट असता तर दोन शब्द सुनावून मोकळा झालो असतो.

कुलूप लागलं तर कुणाचाच बोर्ड पुरा होणार नाही, म्हणून रित्वाने मान तुकवली. तोंडाने सांगायला लागली. फळ्यावर चित्रं काढायची, तेच तेच बोलून घसा बसवून घ्यायची. हिवाळाभर माझ्याकडे येऊन स्टुलावर मटकन बसायची. "मान डोलावतात रे, ओर्विल. सगळे मान डोलावतात."

एप्रिलमध्ये, परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी, जळक्या प्लास्टिकचा वास माझ्यापर्यंत आला. मी धावलो.

गॅरेट बाकापाशी उभा होता. गोठलेल्या सरोवराच्या बर्फातल्या भोकात सोडलेल्या गळाला मासा लागला की घंटी वाजवणारा बोर्ड त्याने बनवला होता. चांगला होता. आता मधोमध काळा पडला होता. बिचाऱ्याने लाल-काळं उलटं लावलं होतं.

"लाल दिवा लागला," तो म्हणाला. "मला वाटलं मशीन कमी पडतंय. म्हणून दुसरा नॉब पूर्ण फिरवला."

"मी सांगितलं होतं ना तुला!" रित्वा ओरडली. "शंभरदा सांगितलं होतं!"

"सांगितलं होतंत," तो म्हणाला. "पण त्या दिवशी मी व्हिडिओ काढत होतो. माझी पाळी आलीच नाही."

रित्वाइतकं हरलेलं माणूस मी त्या इमारतीत पाहिलेलं नाही. पोराचं वर्ष गेलं होतं, तिचं गेलं होतं तसंच. मागे बाकीची मुलं आपापले बोर्ड छातीशी धरून उभी होती.

"ओर्विल," ती म्हणाली, "दारात उभा राहा."

"उभा राहून काय करू?"

"काही करू नकोस. रुंद आहेस, तेवढं पुरे."

मी बाहेर येऊन दाराच्या काचेला पाठ लावली. आतून तिचा आवाज आला. "चला, बोर्ड ठेवा बाजूला सगळ्यांनी. गॅरेट, आधी तू. दोन्ही नॉब शून्यावर. घे चिमटे."

"माझा तर जळला."

"पाळी तुझी आहे. जुळव."

तेवढ्यात नाक वर करून हुंगत लाइल आला. "ओर्विल, कसला रे हा वास?"

"तुझ्या पाटीचा," मी म्हणालो, आणि दारातून हललो नाही.