फळ्यावरची चूक
बूट पॉलिशचा वास आला की मला पाटणजवळच्या त्या शाळेचा व्हरांडा आठवतो, आणि तिथली एक सकाळ. मी तिथं इंग्रजी शिकवायचे. त्या सकाळच्या आदल्या दिवशी सातवीच्या वर्गात मी फळ्यावर ‘गुड इन इंग्लिश’ लिहिलं होतं आणि पहिल्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली होती, “बाई, तितं ‘ॲट’ पायजे.” पोरं हसली, माझं डोकं फिरलं, आणि मी तिला तास संपेपर्यंत दाराबाहेर उभं केलं. मधल्या सुट्टीत गाइड उघडलं, तर तिचंच बरोबर होतं. उद्या फळ्यावर दुरुस्त करू, असं ठरवून मी घरी गेले. पण सकाळी व्हरांड्यात तिचे वडील उभे होते, फौजेतून रिटायर झालेले, पायात चकचकीत काळे बूट, हातात मुलीचं घट्ट धरलेलं मनगट. भांडायलाच आलेत, असं मला वाटलं. “बाई, लय चुकलं हिचं,” ते म्हणाले. “गुरूला उलट बोलती म्हंजे काय? माफी मागाय आणलीया.” मुख्याध्यापक कौतुकानं मान डोलवत होते, खिडक्यांतून अख्खा वर्ग बघत होता. खरं सांगायला मी तोंड उघडलं, पण खिडक्यांकडे बघून हातातली हजेरी चाळू लागले. मुलगी खाली बघत म्हणाली, “आय ॲम सॉरी फॉर करेक्टिंग यू, बाई.” तशातही माझं लक्ष त्या ‘फॉर’कडेच गेलं. तेही बरोबर होतं. “बरं, जा वर्गात,” मी म्हटलं. वडिलांनी टाचा जुळवून मला कडक सलाम ठोकला. एवढी वर्षं झाली, तो सलाम मला अजून परत करता आलेला नाही.