न सुटलेली लाँच

टीव्ही मालिकेतल्या अंतराळयानाला सुनंदाकाकू 'लाँच' म्हणायच्या, खाडीतल्या प्रवासी बोटीला म्हणतात तसं. "पाच वर्षं लाँच चाललीय, पण पिण्याचं पाणी किती उरलंय ते कोणी का विचारत न्हाय?" हा त्यांचा प्रश्न ऐकला आणि मी हातातला चहा सांडेपर्यंत हसले. मग लक्षात आलं, प्रश्न बरोबर होता.

मी दिवेआगरच्या आरोग्य केंद्रात रक्त-लघवी तपासायचे आणि काकूंच्या वाडीतल्या मागच्या खोलीत राहायचे. रविवारी दुपारी घरी उतरलेले पर्यटक जेवून लवंडले की काकू सुपारी सोलायला घेऊन टीव्हीसमोर बसत. "बाय, ये गं, लाँच सुटली!" मालिका मराठीत डब केलेली होती. चाळीस माणसं एका दूरच्या ताऱ्याकडे निघालेली, मागे राहिलेल्यांना निरोप पाठवणारी. निरोपांचे प्रसंग आले की काकूंचा हात थांबे.

मालिकेच्या प्रेक्षकांचा फोनवर एक ग्रुप होता. काकूंचं म्हणणं मी त्यावर त्यांच्याच आवाजात पाठवायचे. "मी दिवेआगरहून सुनंदा बोलते," अशी सुरुवात. नागपूर-पुण्याची माणसं त्या आवाजाची वाट बघत.

पाचव्या पर्वाच्या शेवटून दुसऱ्या भागात कळलं, की यान कधी उडालंच नव्हतं. ते वाळवंटातल्या एका गोदामात उभं होतं. खिडकीतले तारे पडद्यावरचे होते. आणि हे यानावरच्या डॉक्टरणीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

ग्रुप पेटला. "पाच वर्षं आम्हाला मूर्ख बनवलं!" "लेखकांनी माफी मागावी!" एका निवृत्त मास्तरांनी लिहिलं, की घरातलं कोणी गेल्यासारखं वाटतंय. माणसं धडाधड ग्रुप सोडू लागली.

काकू मात्र टीव्ही बंद करून माझ्याकडे वळल्या.

"तुला आधीच ठाऊक होतं."

"नाही हो, काकू."

"तू टीव्हीकडं न्हाय, माझ्याकडं बघत होतीस."

खरं होतं. आदल्या दिवशी ग्रुपमधल्या एकीने मला एकटीला सगळं सांगून टाकलं होतं. काकूंची मजा जाऊ नये म्हणून मी गप्प राहिले, आणि आता वर खोटंही बोलले. "तुमच्यासाठीच..." मी सुरुवात केली.

"दीरही हेच म्हणाला होता," काकू म्हणाल्या.

त्यांचे यजमान मालवाहू जहाजावर होते, एवढंच मला माहीत होतं. त्या दुपारी बाकीचं कळलं. अकरा वर्षं दीर सांगत राहिला, कंपनीनं दादाला पुढच्या बंदरावर धाडलंय. प्रत्यक्षात दादानं परमुलखात दुसरं घर मांडलं होतं. "नवरा गेला त्याचं काय, तो गेला. पण हा माझ्या हातचं जेवायचा गं! मी विचारायची, चिठ्ठी आली का? तर म्हणायचा, येईल, वहिनी. आणि आणखी आमटी वाढून घ्यायचा."

थोड्या वेळाने त्यांनी फोन मागितला. मी बटण दाबून धरलं.

"मी दिवेआगरहून सुनंदा बोलते. लिहिणाऱ्यांवर कशाला चिडता? त्यांची लाँच, त्यांनी न्हाय सोडली. पण ती डॉक्टरीण रोज त्या चाळीस माणसांच्या पंगतीला बसत होती. तिला सोडू नका."

ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. तो निरोप कोणासाठी होता हे तिथे कोणालाच कळलं नाही.

शेवटचा भाग काकूंनी पाहिला नाही; मी तो एकटीने फोनवर पाहिला. रविवारची हाक बंद झाली. जेवणाचं ताट वेळेवर येई, मीठ-मिरची पूर्वीसारखीच असे, पण ते कामवाल्या बाईंच्या हाती येई. मी दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा त्या "बरं" म्हणाल्या आणि झाडांना पाणी सोडायला गेल्या.

चार महिन्यांनी माझी बदली झाली. एसटीपर्यंत त्या सोडायला आल्या, याचंच मला नवल वाटलं. गाडीचं इंजिन सुरू झाल्यावर त्यांनी खिडकीशी येऊन विचारलं, "शेवटी काय झालं त्या डॉक्टरणीचं?"

शेवट गोड करून सांगणं सोपं होतं.

"तिने सगळ्यांसमोर कबूल केलं, काकू. लाँचच्या कॅप्टन बाईंनी ऐकून घेतलं. पण माफ नाही केलं."

"बरं केलंन," काकू म्हणाल्या, आणि गाडी हलायच्या आतच वाडीच्या वाटेला लागल्या.