कापूस अंगाला लावू नका!

हिमालयात जाणाऱ्या कितीतरी लोकांना मी वाट दाखवली आहे. मी स्वतः यवतमाळच्या बसस्टँडपुढे कधी पायी गेलेलो नाही.

ऑफिसात मी तोंड उघडत नाही. पण मोबाइलवर, लांब पल्ला चालणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये, ‘वाटाड्या’ या नावानं मी नुसता धबधबा! बूट एक नंबर मोठा घ्या, बोटांना खोबरेल लावा, घाबरू नका, निघा! (सगळं इतरांच्या पोस्टमधून उचललेलं.) माझं गाजलेलं वचन तर असं होतं: "कापूस अंगाला लावू नका! सुती कपडा घामानं भिजतो, लवकर वाळत नाही. कापूस हा चालणाऱ्याचा वैरी!"

हे मी लिहीत होतो कुठं बसून? यवतमाळ जिल्ह्यात! तेही कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत. माझ्या सासुरवाडीला, आर्णीला, बैठकीत कापूस पार पंख्यापर्यंत साठला होता. जावयाचा मान म्हणून मला ढिगाच्या शेंड्यावर बसवत. ("जवाईबापू बसले, पंखा लावू नोका रे!")

सासरे, म्हणजे आमचे मामाजी, कापसाचा भाव चढण्याची वाट पाहत त्याच ढिगाला टेकून असत. बोलणं बंद, जेवण अर्धं, घराबाहेर पाऊल नाही. माझी बायको सुनंदा काळजीनं वाळत चालली. शेवटी जीव रमावा म्हणून तिनं त्यांना आपला जुना मोबाइल दिला. थोड्याच दिवसांत आमच्या ग्रुपवर एका नव्या सदस्याची पोस्ट आली: "आर्णीहून लेकीकडे यवतमाळला पायी जावं म्हणतो. साठी उलटली. जमेल का? कापूस घरात पडून आहे, मीही."

खाली मामाजींचं नाव वाचून मी गारच पडलो! पण कित्येक महिन्यांनी या माणसानं काहीतरी विचारलं होतं. मी वाटाड्याच्या नावानं गुपचूप लिहिलं, "जरूर जमेल! फक्त कापूस अंगाला लावू नका."

लगेच माझा फोन वाजला.

"जवाईबापू, कोन हाय हो हा वाटाड्या? म्हंते कापूस लावू नोका! आमी काय आंगाले प्लास्टिक गुंडाळाव?"

"सोडून द्या, मामाजी."

"काहून सोडू? धोतरावरच चालतो! अन् त्याले संग घेऊनच चालतो!"

त्यांनी ग्रुपवर आव्हान टाकलं: वाटाड्या सोबत आला तरच निघेन. सगळा ग्रुप चेकाळला. "वाटाड्याभाऊ, जा!" "आजोबांना नाही म्हणू नका!" मागून सुनंदानं माझ्या मोबाइलमध्ये डोकावलं.

"अगंबाई! वाटाड्या तुमी? भाजी आनाले ऑटो करता तुमी!"

मी मोबाइल उशीखाली सारला.

"आता जा मुकाट्यानं. तुमी नाही गेले तं बाबा पुन्हा त्या ढिगाले टेकतीन."

गेलो. नखशिखांत पॉलिएस्टर, पाठीवर तंबू. आर्णीपर्यंत एसटीनं.

"जवाईबापू, तुमी कायले आले?"

"मामाजी... मीच तो वाटाड्या."

मामाजींनी माझ्या पाठीवरच्या तंबूला हात घातला. मग म्हणाले, "मंग थो तंबू द्या इकडं. जवाई वझं घेऊन चालला तं गाव काय म्हनन?"

तर दृश्य असं: पुढे धोतरातले मामाजी, डोक्यावर माझा तंबू, मागे रिकाम्या हातांनी मार्गदर्शक! वाटेतल्या प्रत्येक गावात मामाजींच्या ओळखी. "जवाई पायी चालून राह्यला?" असं म्हणून जो तो बसवून चहा पाजी. पहिल्या मुक्कामाआधीच पॉलिएस्टरनं माझ्या मांड्या अशा सोलल्या, की मी फेंगडा चालू लागलो. मामाजींनी पिशवीतून जास्तीचं धोतर काढलं.

"घ्या. नेसा तुमचा वैरी!"

तेही पुरलं नाही. दुसऱ्या दिवशी यवतमाळच्या जिनिंग कारखान्याला निघालेली कापसाची बैलबंडी मागून आली आणि मामाजींनी मला तिच्यावर चढवलं. शहरात ते ताठ मानेनं पायी शिरले, मी कापसावर आडवा!

सुनंदा दारातच उभी होती.

"भूक लागली वो बाई," मामाजी म्हणाले. "दोन भाकरी जास्तीच्या टाक."

ती डोळे पुसत आत पळाली.

मग मामाजींनी ग्रुपवर लिहिलं: "वाटाड्या शेवटपर्यंत चालला." जावयाची लाज कोण काढतं! पण मलाच राहवेना. मी खरं ते लिहून टाकलं: आजवर कुठंच चाललो नव्हतो, आत्ताही अर्धी वाट कापसावर झोपून आलो.

धडाधड उत्तरं आली. "केवढा हा विनय!" "खरा वाटाड्या असाच असतो!"

आता मामाजी जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मुकुटबनला पायी जायचं म्हणतायत. मीही सोबत आहे. तयारी जोरात सुरू आहे: बंडीवाल्याशी बोलून ठेवलंय.